वाचकांचे प्रश्न : कलिंगडाची मुळे आणि आपली माती

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कलिंगड, चिबूड आणि त्यांच्या कुळातील पिकांविषयी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘कोणते औषध घालू?’ असा प्रश्न आहे. पानांवरील रोगाच्या बाबतीत तो ठीक आहे. मुळांच्या रोगाच्या बाबतीत मात्र रोगाचे बीज बहुधा शेतात आधीपासूनच असते, आणि त्याने डोके वर काढायचे की नाही हे जमिनीतील पाणी, हवा, आम्लता आणि क्षार मिळून ठरवतात. त्यामुळे पुढील उत्तरांत औषधांपेक्षा मातीचाच विचार अधिक आढळेल.

प्रश्न : गोव्यात बार्देश तालुक्यातील आमच्या शेतात पावसाळी भात कापल्यावर नोव्हेंबरच्या अखेरीस कलिंगड लावतो. त्याच जागेतील हे सलग चौथे वर्ष. वेल सुरुवातीला जोमाने वाढतात. पण फळे नारळाएवढी झाली की काही वेल दुपारी मान टाकतात, संध्याकाळी सावरतात आणि आठवड्याभरात वाळून जातात. पुष्कळदा एकाच झाडाची एक फांदी सुकते आणि दुसरी हिरवी राहते. पाणी वाढवून पाहिले, दुकानातून आणलेले बुरशीनाशक दोनदा आळ्यात ओतले, गुण आला नाही. बांधापलीकडे शेजाऱ्यांनी हेच बियाणे लावले आहे. तिथे मात्र सारे ठीक आहे. असे का व्हावे?

उत्तर : नुकताच मान टाकलेला एक वेल मुळांसकट, ओढून न काढता खणून काढावा. मुळे स्वच्छ धुऊन, बुंध्याजवळचा भाग धारदार चाकूने उभा चिरून पाहावा. सालीच्या आत, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या जागी तपकिरी रेघा दिसल्या, तर तो फ्युजेरियम बुरशीमुळे येणारा मर रोग आहे असे धरून चालावे. एक फांदी वाळणे आणि दुसरी हिरवी राहणे ही त्याची नेहमीची खूण होय, कारण बुरशी सगळ्या नळ्या एकदम बंद करत नाही; ज्या बाजूच्या नळ्या तुंबतात त्या बाजूची फांदी आधी जाते. फळे भरू लागल्यावरच रोग दिसतो याचेही कारण तेच. तोवर अर्ध्या नळ्यांवर वेलाचे भागत होते, फळे पोसायची वेळ आली तेव्हा ते पाणी पुरेनासे झाले. लागण मात्र कित्येक आठवडे आधीच झालेली असते. बुरशी नळ्यांच्या आत बसलेली असताना आळ्यात ओतलेले औषध तिच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून तो खर्च वाया गेला.

आता मातीकडे येऊ. फ्युजेरियमला आम्ल आणि वाळूसर जमीन मानवते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जमिनीतील चुना वर्षानुवर्षे धुऊन नेत असतो, त्यामुळे जांभ्यापासून झालेल्या आपल्या बहुतेक जमिनी आम्लच आहेत. सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा; तो सातच्या जितका खाली तितकी जमीन आम्ल) साडेपाचच्या आसपास किंवा त्याखाली असलेल्या जमिनीत हा रोग जोर धरतो, आणि चुना घालून तोच सामू साडेसहा ते सातपर्यंत नेला की त्याचा जोर कमी होतो, हे फ्लोरिडातील वाळूसर, आम्ल जमिनींवर कलिंगड आणि टोमॅटो या दोन्ही पिकांत दिसून आले आहे. चुना बुरशीला मारतो असा याचा अर्थ घेऊ नये. सामू वाढला की लोह, मँगनीज, जस्त ही द्रव्ये बुरशीच्या हाती सहजासहजी लागत नाहीत आणि तिची वाढ व तिचे बीजाणू तयार होणे मंदावते. शिवाय तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या इतर सूक्ष्मजीवांचे फावते.

नत्र कोणत्या स्वरूपात देता याचाही येथे संबंध आहे. आपल्याकडे युरिया आणि अमोनियम सल्फेट यांचाच वापर अधिक होतो. मुळे अमोनियमच्या रूपातील नत्र घेतात तेव्हा भोवतालच्या मातीत आम्ल सोडतात, आणि नायट्रेटच्या रूपातील नत्र घेतात तेव्हा याच्या उलट घडते. म्हणजे शेताचा सरासरी सामू बरा असला तरी मुळाला चिकटलेल्या कणभर मातीत तो निराळाच असू शकतो, आणि बुरशीची व मुळाची गाठ तर तिथेच पडते. म्हणून चुना आणि नायट्रेट नत्र यांचा मेळ घातला की रोग जितका दबतो, तितका एकट्या चुन्याने दबत नाही. नत्राचा काही हिस्सा कॅल्शियम नायट्रेटच्या रूपाने, ठिबकमधून थोडा थोडा देणे परवडत असेल तर जरूर करून पाहावे.

तापमानाचा भाग थोडक्यात सांगतो. या बुरशीला सुमारे पंचवीस ते सत्तावीस अंशांची माती आवडते आणि माती तीसच्या बरीच वर गेली की ती मंदावते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतील माती नेमकी तिच्या सोयीची असते. लागवड पुढे ढकलावी असे मी सांगणार नाही, कारण मग फळे बाजारात उशिरा येतात आणि विहिरीतले पाणीही साथ देत नाही.

शेजाऱ्यांच्या शेताचा आपला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. बहुतेक जण ‘त्यांचे नशीब’ म्हणून तो सोडून देतात. त्यांनी तिथे कलिंगड किती वर्षे घेतले, जमीन अधिक चिकण आहे का, शिंपल्यांचा चुना कधी घातला होता का, हे आधी विचारून घ्यावे. पण या सगळ्यात फरक नसतानाही एका जमिनीत रोग होतो आणि दुसरीत होत नाही, असे घडू शकते. दक्षिण फ्रान्समध्ये शातोरनार नावाच्या गावाच्या परिसरात बागायतदार वर्षानुवर्षे खरबुजाचे पीक घेत होते. मर रोगाची बुरशी जमिनीत सापडत होती, वाणही रोगाला बळी पडणारे होते, तरी नुकसान होत नव्हते. १९७० च्या दशकात लुवे, अलाबुव्हेत आदी फ्रेंच संशोधकांनी ती माती अभ्यासाला घेतली. वाफेने तापवल्यावर तिचा हा गुण नाहीसा झाला, आणि तापवलेल्या मातीत मूळची थोडी माती मिसळताच तो परत आला. गुण मातीच्या खड्याचा नव्हता, तिच्यातील सजीवांचा होता. रोग न करणाऱ्या फ्युजेरियमच्याच जाती आणि काही जिवाणू मिळून अन्न व लोह इतके ओढून घेत की रोग करणारीला पुरेसे उरत नसे. तिथली माती मात्र चिकण आणि चुनखडीयुक्त आहे, आपली आम्ल. त्यामुळे तिथला गुण इथे जसाच्या तसा उतरणार नाही. तरीही शेजाऱ्यांच्या जमिनीत असे काही थोड्या प्रमाणात घडत असणे अगदी शक्य आहे. औषधांचा मारा करून जमीन ‘निर्जंतुक’ करण्याच्या भरात आपल्याच शेतातील असे पहारेकरी आपण मारत तर नाही ना, एवढी शंका यावरून घ्यावी.

भाताविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत प्राणवायू उरत नाही आणि बुरशीचे बरेच बीजाणू मरतात. भातानंतर कलिंगड ही आपल्याकडची जुनी पद्धत त्यामुळेच टिकून राहिली असावी. बार्देशातील पर्रा गावच्या कलिंगडांचे नाव झाले तेही भातशेतांतच. परंतु सगळे बीजाणू मरत नाहीत. जाड कवचाचे काही बीजाणू दहा वर्षांहूनही अधिक काळ जमिनीत पडून राहतात. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांत १९४० च्या दशकात मर रोगावर उपाय म्हणून जमिनी महिनोन्महिने पाण्याखाली ठेवल्या होत्या. काही काळ बरे गेले आणि रोग परतला. आपण चार वर्षे ओळीने त्याच जागी कलिंगड घेत आहात, म्हणजे पावसाळ्यात जे घटते ते उन्हाळ्यात पुन्हा भरून काढत आहात. खरे तर एका जागी कलिंगड पाच-सहा वर्षांतून एकदाच यावे. एवढी जमीन नसेल तर निदान दोन-तीन वर्षे त्या तुकड्यात चवळी, मका किंवा भाजी घ्यावी. काकडी, दोडका आणि भोपळा मात्र टाळावा.

प्रतिकूल गोष्ट अशी की भातासाठी चिखलणी करताना वरच्या मऊ थराखाली, साधारण वीतभर खोलीवर, एक टणक थर तयार होतो. भाताला तो हवाच असतो, कारण तो पाणी धरून ठेवतो. कलिंगडाचे सोटमूळ मात्र त्यावर आपटून आडवे वळते. मग वर पाणी दिले की मुळे तुंबलेल्या पाण्यात आणि दोन दिवस पाणी चुकले की कोरड्यात, अशी त्यांची ओढाताण होते. गुदमरलेल्या मुळांच्या टोकांना जखमा होतात आणि बुरशी तिथूनच आत शिरते. मान टाकलेल्या वेलाला अधिक पाणी देण्यात हाच धोका होता. शेतात सात-आठ ठिकाणी लोखंडी सळई हाताने दाबून पाहावी. सगळीकडे एकाच खोलीवर ती अडली, तर हा थर आहे असे समजावे. भात कापल्यावर जमिनीत वाफसा असताना तो खोल नांगरटीने फोडावा, किंवा निदान प्रत्येक आळ्याच्या जागी दीड-दोन फूट खोल खणून माती मोकळी करावी आणि लागवड उंच गादीवाफ्यावर घ्यावी. मात्र पुढच्या पावसाळ्यात त्याच शेतात भातच लावायचा असेल, तर सगळा थर फोडल्याने पाणी मुरून जाईल. अशा वेळी फक्त आळ्यांपुरतेच खणणे शहाणपणाचे.

यंदा इतके करावे. वाळलेले वेल मुळांसकट काढून शेताबाहेर जाळावेत, ते बांधावर टाकू नयेत आणि शेणखताच्या खड्ड्यात तर मुळीच नकोत. रोगट तुकड्यातील माती लागलेली अवजारे धुतल्याशिवाय दुसऱ्या तुकड्यात नेऊ नयेत. काढणी एप्रिलपर्यंत उरकली, तर पावसापूर्वीच्या उन्हाचा उपयोग करून घेता येईल. जमीन नांगरून, ढेकळे फोडून, चांगली भिजवून तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरावे, कडा मातीने दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच राहू द्यावे. काळे प्लास्टिक या कामाला चालत नाही, कारण ते स्वतः तापते, माती तितकी तापत नाही.

प्रश्न : तिसवाडीत खाजनाच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीच्या) कडेला, बांधाच्या आतल्या बाजूस आमचे कलिंगड आहे. मार्च उजाडला की सखल पट्ट्यातील वेलांच्या पानांच्या कडा करपतात आणि बारीक मुळे नाहीशी होतात. उरलेल्या मुळांवर काळे बारीक ठिपके दिसतात. मोबाइलवर शोधले तेव्हा मोनोस्पोरॅस्कस नावाच्या बुरशीची माहिती मिळाली, आणि ती असेल तर इलाजच नाही असेही वाचले. आता काय करावे?

उत्तर : घाबरून जाऊ नये. ज्या बुरशीचे नाव आपण वाचले तिचे शास्त्रीय वर्णन १९७४ मध्ये अॅरिझोनातील नमुन्यांवरून झाले. तोफेच्या गोळ्यासारख्या गोल बीजाणूंवरून तिचे नाव पडले. उष्ण, कोरड्या प्रदेशातील, चुना आणि क्षार यांचे प्रमाण अधिक असलेल्या जमिनी हे तिचे माहेर. आपल्याकडच्या जमिनी बहुधा आम्ल असतात, म्हणून पहिला संशय तिच्यावर घेणे बरोबर होणार नाही.

काळे ठिपके मॅक्रोफोमिना या बुरशीचेही असतात. वाळलेल्या मुळाची साल सोलल्यावर आत कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे दिसले, तर तीच असण्याची शक्यता अधिक आहे. ही बुरशी उष्ण आणि कोरड्या मातीत, तहानलेल्या झाडावर चढाई करते. ओलावा कायम राखला की तिची ताकद घटते.

परंतु आपल्या पत्रातील खरी खूण ठिपक्यांत नसून ‘सखल पट्टा’ आणि ‘पानांच्या करपलेल्या कडा’ या शब्दांत आहे. मर रोग शेतात इथे-तिथे ठिगळाठिगळांनी दिसतो. एकाच पातळीवरचा सगळा पट्टा एकदम करपतो तेव्हा आधी मिठाकडे पाहावे. पावसाळ्यात खाजनातील क्षार धुऊन मानशीवाटे (बांधातील पाण्याच्या दारावाटे) बाहेर जातात. जानेवारीनंतर वरची माती वाळू लागली की खालचे खारे पाणी केसासारख्या बारीक पोकळ्यांतून वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ मुळांशी राहते. कलिंगडाला मीठ फारसे सोसत नाही. मिठाने भाजलेली मुळे बुरशीला आयतीच सापडतात, म्हणून येथे बुरशी हा परिणाम आहे आणि खारटपणा हे कारण.

उपायही त्याच क्रमाने करावेत. ज्या तळ्याचे किंवा विहिरीचे पाणी देता ते मार्चमध्ये मचूळ होत नाही ना, हे प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. बांध किंवा मानस गळत असेल तर ती दुरुस्ती आधी, बाकीचे नंतर. भाताच्या पेंढ्याचे जाड आच्छादन जानेवारीतच घालावे, म्हणजे माती वाळणार नाही आणि मीठ वर येणार नाही. पाणी थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे. सरी-वरंब्यावर लागवड असेल तर रोप वरंब्याच्या माथ्यावर न लावता उतारावर लावावे, कारण मीठ माथ्यावर गोळा होते. आणखी एक सूचना : पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाचून खारवट जमिनीत चुना घालू नये. चुन्याने आम्लता जाते, मीठ जात नाही. सामू आणि क्षारता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळ शेतकरी बांधवांचा इथे घोटाळा होतो.

प्रश्न : सत्तरीत घराशेजारच्या भाटात (बागायतीत) दरवर्षी चतुर्थीच्या माटोळीसाठी (गणपतीच्या वर फळे-फुले टांगतात त्या चौकटीसाठी) चिबूड लावतो. गेली दोन वर्षे काही रोपे उगवताच कोलमडतात, आणि मोठ्या वेलांच्या बुंध्याशी पांढरे जाळे येऊन ते सडतात. शेणखत भरपूर घातलेले आहे.

उत्तर : हे दोन निराळे रोग आहेत. रोपे कोलमडतात ती पिथियम या पाणबुरशीमुळे. तिचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, म्हणून आळ्यात पाणी साचले की तिचे साधते. आळे खोलगट ठेवण्याऐवजी बी उंचवट्यावर टोचावे आणि पाणी वाहून जायला चर काढावा. निम्मा रोग तेवढ्यानेच कमी होईल. बुंध्याजवळचे पांढरे जाळे आणि त्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे असतील तर ती स्क्लेरोशियम बुरशी होय. हे दाणे जमिनीच्या वरच्या थरात जगतात, खोल गाडले गेले की बहुतेक उगवत नाहीत. म्हणून वेल काढल्यावर जमीन उलथीपालथी करावी आणि दाण्यांसकट बुंध्याची माती खरवडून दूर टाकावी. शेणखत भरपूर घातले असे आपण लिहिता, पण ते कुजलेले होते का? ही बुरशी अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर आणि कच्च्या शेणावर आधी पोसते आणि तिथून झाडावर चालून जाते. बुंध्याभोवती वीतभर जागा पाल्यापासून मोकळी ठेवावी.

प्रश्न : ट्रायकोडर्मा आणि चुना दोन्ही एकदम वापरले तर चालेल का? भोपळ्यावर कलम केलेली कलिंगडाची रोपे मिळतात, ती घ्यावीत का? आणि मातीचा नमुना नेमका कधी व कसा काढावा? (केपे)

उत्तर : एकदम वापरू नयेत. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी स्वतः किंचित आम्ल मातीत चांगली वाढते. ताज्या चुन्याच्या शेजारी ती टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. चुना लागवडीपूर्वी किमान तीन-चार आठवडे आधी मातीत मिसळून, ओलाव्यात मुरू द्यावा. ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात कालवून, सावलीत पंधरा दिवस झाकून वाढवावी आणि लागवडीच्या वेळी आळ्यात द्यावी. शेणखत आणि चुनाही एकाच दिवशी मिसळू नयेत, कारण खतातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते. चुन्याचे प्रमाण शेजाऱ्याला विचारून ठरवू नये. वाळूसर जमिनीला थोडा पुरतो, चिकण जमिनीला बराच जास्त लागतो, आणि अतिरेक झाला की कोवळी पाने पिवळी पडून लोह व जस्ताची उणीव दिसू लागते.

कलमांची कल्पना जुनी आहे. जपानमध्ये १९२० च्या दशकातच मर रोग टाळण्यासाठी कलिंगडाचे कलम भोपळावर्गीय खुंटावर करू लागले होते. कलिंगडाचा मर रोग करणारी बुरशी भोपळ्याच्या मुळांना बाधत नाही, म्हणून रोगट जमिनीतही पीक घेता येते. मात्र रोप महाग पडते, कलमाचा जोड मातीखाली गाडला गेला तर कलिंगडाला स्वतःची मुळे फुटून सगळा खटाटोप फुकट जातो, आणि पाणी तुंबलेल्या जमिनीचे दुखणे कलमाने बरे होत नाही. शिवाय मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी भोपळ्यावरही तितक्याच आनंदाने राहतात. मुळे उपटल्यावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर कलमांच्या आधी निंबोळी पेंड आणि पिकाचा फेरपालट यांकडे वळावे, कारण सूत्रकृमींनी मुळांना पाडलेली भोके मर रोगालाही वाट करून देतात.

नमुना पीक काढल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत घ्यावा, म्हणजे अहवाल हाती येऊन चुना मुरवायला वेळ मिळतो. वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करावा आणि त्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यावी. अशा आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, सावलीत वाळवून, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवावी. बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची आणि झाडाच्या सावलीतील माती घेऊ नये. जिथे वेल मेले आणि जिथे तगले, अशा दोन्ही जागांचे नमुने वेगळ्या पिशव्यांत भरावेत आणि चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे. आपल्या विभागीय कृषी कार्यालयात नमुना देताना सामू आणि क्षारता या दोन्हींची तपासणी मागावी. मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत, जी २०१५ पासून देशभर सुरू आहे, या दोन्ही नोंदी असतात. जुनी पत्रिका घरात असेल तर तीही सोबत न्यावी, म्हणजे दरम्यानच्या वर्षांत सामू खाली आला की काय, ते लगेच कळेल.